धाकटीनं धरलेला रविवार

आमच्या घरात आठवड्याचे सात वार आहेत आणि त्यातले पाच कोणी ना कोणी धरलेले आहेत. वार धरणं म्हणजे त्या दिवशी मटण, मासळी, अंडं यातलं काही तोंडात घालायचं नाही. सोमवार आणि शनिवार सासूबाईंचे, एक शंकराचा, एक मारुतीचा. मंगळवार दिरांचा. तो त्यांनी टेंपो घेतला तेव्हा महडच्या गणपतीला धरला होता. पुढे टेंपो विकून दुसरा घेतला, वार तोच राहिला. गुरुवार माझ्या नवऱ्याचा. शुक्रवार धाकट्या जावेचा, देवीचा. मी एकही वार धरत नाही. कोणाचा कुठला हे लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आहे आणि देवाच्या दरबारात तेवढं पुरावं अशी माझी समजूत आहे.

उरले बुधवार आणि रविवार. बुधवारी माझी लेक बेलापूरच्या ऑफिसातून उशिरा येते आणि दीर टेंपो घेऊन वाशीच्या मार्केटला गेलेले असतात. म्हणजे सगळे एका वेळी घरात आणि सगळ्यांना सगळं चालतं, असा वार एकच, रविवार.

कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. एकच अंगण, दोन घरं. जुन्यात आम्ही आणि सासूबाई, शेजारच्या नव्यात दीर, जाऊ आणि माझी पुतणी. बारा वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या, त्या भांडण न होता झाल्या, हे गावात अजून कोणाला खरं वाटत नाही. तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती. "वेगळं रांधा, वेगळं खा, माझं काय म्हनणं नाय. पन आठवड्यातनं येकदा समद्यांनी येका टोपातलं खायाचं." तेव्हापासून रविवारी संध्याकाळी आमच्या ओटीवर सात ताटं मांडली जातात.

ते जेवण ठरवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आपसूक म्हणते, पण खरं तर मी ते ओढून घेतलं. माझं माहेर खोपोलीचं. वडील कारखान्यात तीन शिफ्टमध्ये कामाला, त्यामुळे कुठल्या दिवशी काय शिजणार आणि ते किती वाजता पानात पडणार, याचा कागद आईनं भिंतीला लावलेला असायचा. कागदाशिवाय चूल पेटते यावर माझा अजूनही विश्वास नाही. शनिवारी दिवेलागणीला मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बसते आणि एकेकाला विचारते. दीर म्हणतात, "काय पन चालंल." यासारखं धोक्याचं उत्तर नाही, कारण काय पण केलं की त्यांना ते चालत नाही. नवरा म्हणतो, "गेल्या वेळेसारखं कर." गेल्या वेळेला काय होतं हे त्याला आठवत नसतं. सासूबाईंना मऊ काहीतरी हवं असतं आणि पुतणीला चिकन, तेही फक्त तंगडी. माझी लेक मोबाइलवरून मान वर न करता "काहीही" म्हणते. धाकटी जाऊ म्हणते, "तुमी ठरवाल ते, ताई."

पण तिला काय आवडतं ते न सांगता दिसायचं. तिला मटण आवडायचं. साधंसुधं आवडणं नव्हे. मटणाचं वाटण भाजायला घेतलं की ती आपल्या घरातून काहीतरी निमित्त काढून यायची, कधी चाळणी न्यायला, कधी चाळणी परत द्यायला. नळी तिच्या ताटात पडायची हे ठरलेलं होतं. ती ती नळी तांदळाच्या भाकरीवर अशी आपटायची की सासूबाई म्हणायच्या, "ताट फुटंल गं धाकटे."

खरेदीला आम्ही दोघी जायचो, अजूनही जातो. रविवारी सकाळी स्कूटीवर कर्जतला. स्कूटी मी चालवते, पिशव्या ती सांभाळते. मटणाच्या दुकानापुढं रविवारी फार्महाउसवाल्यांची रांग असते. त्यांच्या गाड्या रस्त्यात आडव्या, डोळ्यांवर गॉगल, आणि "बोनलेस देना" असं म्हणून ते चांगला माल बिघडवतात. रांगेत जाऊ उभी राहते, कारण माझं तोंड रांगेत बंद राहत नाही. मी तेवढ्यात भाजी बघते. डोंगरातल्या वाड्यांवरून बायका येतात, रस्त्याच्या कडेला गोणपाटावर वाटे मांडून बसतात. त्यांच्याशी बोलणी मात्र जावेनंच करायची असतात. तिचं माहेर खालापूरकडचं, डोंगराच्या अगदी पायथ्याला, त्यामुळे कुठला कंद घशाला खवखवतो आणि कुठला नाही हे तिला बघून कळतं. मला तो शिजवून खाल्ल्यावर कळतो.

तर हे सगळं इतकं सुरळीत चाललेलं असताना मी एक चूक केली. लेकीचं ऐकलं. "आई, अजून कागद काय घेऊन बसतेस? फॅमिली ग्रुपवर टाक यादी. सगळ्यांना कळेल," ती म्हणाली. दिवाळी नुकतीच झाली होती. त्या रविवारी मला खोपोलीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, दुपारपर्यंत यायची नव्हते. मी यादी टाकली. मटण दीड किलो, कांदे दोन किलो, सुकं खोबरं, कोथिंबीर, लिंबं. खाली लिहिलं, कोणीतरी आणा. पाच मिनिटांत एकामागून एक अंगठे आले. मला वाटलं, काय हा शहाणपणा, आपण इतकी वर्षं उगाच कागद फाडले.

दुपारी घरी आले तर ओट्यावर मटणाच्या तीन पिशव्या. नवऱ्यानं अंगठा दाखवला म्हणजे मी आणतो, असं त्याचं म्हणणं. दिरांचंही तेच. जावेनंही मटणच आणलं होतं, चालत जाऊन, सकाळी सातला रांगेत उभं राहून. साडेचार किलो मटण आणि दोन्ही घरांत मिळून कांदा एक. खोबरं नाही, कोथिंबीर नाही. सगळ्यांनी यादीतली पहिली ओळ वाचून अंगठा दाबला होता.

ओटीवर हसाहशी सुरू झाली. दीर म्हणाले, "वहिनी, आता गावजेवणच घालू." मला हसू आलं नाही. साखरपुड्यात पहाटेपासून उभी होते, पाय दुखत होते, आणि माझा कागद मोडीत काढल्याचा राग तर होताच. माझं तोंड सुटलं. नवऱ्याला बोलले, दिरांना बोलले, आणि सगळ्यांत जास्त बोलले धाकटीला. "ह्या दोघांचं सोड, पुरुषमाणसं आहेत. तुला तरी एक फोन करून विचारायची अक्कल नको?" ती गप्प उभी होती. तिचं ते गप्प राहणंही मला सोसेना. मी म्हणाले, "मला कंटाळा आलाय ह्या पंगतीचा. पनवेलला फ्लॅट घेऊन राहते. तीन माणसं, तीन ताटं. मग तुमचं तुम्ही करा काय ते."

बोलून झाल्यावर मी कांदे आणायला निघून गेले. संध्याकाळी जेवणं झाली. माझ्या लेखी विषय संपला.

पुढच्या रविवारी सात ताटं मांडली, मी वाढायला घेतलं आणि धाकटीनं ताटावर हात आडवा धरला. "मला मटण नको, ताई. मी रविवार धरलाय."

ओटीवर सगळे थांबले. सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. "रविवार? आगं, रविवार कोन धरतं?"

"धरलाय, आई."

"कशापायी?"

"सांगायचं नसतं ना ते."

यावर सासूबाईंनी मान हलवली आणि पुढे विचारलं नाही. नवस बोललेला असला की तो फिटेपर्यंत कारण सांगायचं नाही, सांगितलं की तो फुकट जातो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. सगळे पुन्हा जेवायला लागले. मी मात्र डाव हातात घेऊन उभी होते, कारण मला कारण कळलं होतं. निदान मला तसं वाटलं होतं. मी अक्कल काढली आणि आठ दिवसांत तिनं माझ्या टोपातलं खाणं सोडलं. देवाचं नाव पुढं केलं की कोणी काही विचारू शकत नाही, एवढी अक्कल तिला नक्कीच होती.

नवऱ्याला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, वार धरलाय तिनं. तुझ्याशी काय संबंध?" नवऱ्यांना दोन जावांमधलं काही दिसत नाही, हे मी तेव्हा त्याला ऐकवलं.

मी एक आठवडा पंगत बुधवारवर ढकलून बघितली. लेक आली ती नऊनंतर, दीर आलेच नाहीत, आणि पुतणीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. सासूबाई मला म्हणाल्या, "ही पंगत नाय, ही खानावळ झाली." पुन्हा रविवारवर आलो.

मग मी तिच्यासाठी वेगळा छोटा टोप ठेवायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी रागानं नुसतं पिठलं केलं. तिनं ते दोनदा मागून घेतलं आणि मलाच लाज वाटली. दुसऱ्या रविवारी वांगी भरली. तिसऱ्या रविवारी मला इरेला पेटल्यासारखं झालं. ही बाई मटण सोडून बसली आहे ना, मग मी तिला असं काही खिलवते की नाव घेईल. माझा स्वभाव हा असा आहे. प्रेम करायचं असलं तरी मी ते भांडणासारखंच करते. वालाच्या शेंगा आल्या तेव्हा शेंगा, बटाटा आणि वांगं घालून दाट भाजी केली. मग मोड आलेल्या वालांचं बिरडं. संक्रांतीच्या सुमारास कोनफळाचे तुकडे तळून रश्श्यात सोडले. कागदावर आता दोन रकाने पडायला लागले, मोठा टोप आणि छोटा टोप.

गंमत अशी झाली की सगळ्यांची नजर छोट्या टोपावर जायला लागली. नवरा हळूच म्हणायचा, "मला आधी जरा ते वाढ." दीर तर टोपाशेजारीच पाट घेऊन बसायचे. बिरड्याच्या रविवारी मटण उरलं, हे आमच्या घराण्यात पूर्वी कधी झालं नसेल. मी छोट्या टोपावर ताट झाकून त्यावर वरवंटा ठेवला आणि जाहीर केलं की हे फक्त वार धरलेल्या माणसाचं आहे. पुतणी लगेच म्हणाली, "मग मी पण धरते रविवार."

धाकटी हसायची सगळ्यांबरोबर. पण सकाळी बाजारात मला ती बघवत नसे. कारण मटणाच्या रांगेत अजूनही तीच उभी राहायची. स्वतः खाणार नव्हती, तरी मान उंच करून दुकानदाराला सांगायची, "तो नको, ह्या मांडीचा द्या. नळी घाला त्याच्यात." परत येताना ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्या पाठीमागं बसायची. मला वाटायचं, माझ्यावर एवढा राग असेल तर ही चांगलं मटण कशाला निवडते? आणि राग नसेल तर खात का नाही? विचारायचं धाडस मला झालं नाही. रागात मी कोणालाही काहीही बोलू शकते, शांतपणे एक प्रश्न विचारायचा म्हटला की घोडं अडतं.

दरम्यान पनवेलचं प्रकरण माझ्या पाठीमागं उभं राहत होतं. मी ते वाक्य रागात फेकलं होतं, पण नवऱ्यानं झेललं. तो रसायनीला कामाला जातो. त्याला पनवेल काही लांब नाही, लेकीला तर बेलापूर जवळच पडणार. तो मोबाइलवर जागा बघायला लागला. रोज चहाबरोबर एक फोटो. "ही बघ, हवेशीर आहे." मी आधी हूं म्हणायची. मग एका रविवारी धाकटीनं वाढलेल्या ताटातून मटणाचा शिंतोडा पडलेली भाकरी बाजूला ठेवली, आणि मी नवऱ्याला म्हणाले, "बघून तर येऊ."

गेलो. सातव्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट होता. ओट्यासमोर एकच माणूस उभं राहील एवढं स्वयंपाकघर. दाखवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, इथं चार माणसांचं डायनिंग आरामात बसतं." मी मनात सात मोजले. मोजायचे नव्हते, तरी मोजले. आणि तोंडानं म्हणाले, "छान आहे."

घरी सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला. "मी येत नाय. मला लिफ्टमदी गरगरतं." म्हणजे त्या धाकटीकडे राहणार. म्हणजे आम्ही गेलो की रविवार संपला. सुटीच्या दिवशी पाहुण्यासारखे येऊ, चहा पिऊ, सासूबाईंच्या पाया पडू आणि ऊन उतरायच्या आत निघू. मला हे लख्ख दिसत होतं. तरी मी नको म्हणत नव्हते, कारण नको म्हणायचं तर कोणासाठी? जिच्याबरोबर बारा वर्षं बाजार केला ती माझ्या हातचं गिळत नव्हती.

फाल्गुनातल्या एका रविवारची गोष्ट. मंगळवारी जाऊन जागा पक्की करायची असं नवऱ्यानं ठरवलं होतं. मोठ्या टोपात मटण होतंच. छोट्या टोपासाठी मी मागच्या झाडाचा कोवळा फणस काढला होता. दुपारी आम्ही दोघी पडवीत फणस चिरायला बसलो. कोवळ्या फणसाला चीक फार. हाताला, विळीला, कोयत्याला तेल माखून बसायचं, आणि तो संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. म्हणजे दोघींपैकी कोणाला उठून जाता येणार नव्हतं.

मी म्हणाले, "मंगळवारी आम्ही पनवेलला जातोय. जागेचं पक्कं करायला."

तिचे हात थांबले. "पक्कं?"

"हो. मग तुझा रविवारही मोकळा झाला. माझ्या हातचं खायला नको म्हणून वार धरून बसायची गरज नाही."

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "येडं लागलंय काय तुमाला, ताई?"

तिच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मी म्हणाले, "मग कशाला धरलास? सांग."

"सांगायचं नसतं."

"मंगळवारनंतर सांगून तरी काय उपयोग?"

तिनं फणसाची आणखी एक फोड चिरली. मग एकदम म्हणाली, "तुमी पनवेलला जाऊ नये म्हनून धरलाय. त्या दिवशी तुमी बोललाव ना, तीन मानसं, तीन ताटं. मी दुसऱ्या दिवशी गावदेवीला गेले. तिला सांगितलं, मला रविवारचं मटण लई आवडतं, ते मी सोडते, पन आमचा रविवार मोडू देऊ नको. दुसरं काय सोडणार व्हते मी? शुक्रवार तर आधीच हाय तिचा." आणि मग तिचा आवाज फुटला. "आता सांगितलं. आता गेला चार म्हैन्यांचा नवस फुकट."

ती रडायला लागली आणि तिला डोळे पुसता येईनात. दोन्ही हात चिकानं भरलेले. माझेही तसेच. मी सरकून तिच्याजवळ गेले आणि माझ्या दंडानं, ब्लाउजच्या बाहीनं तिचं तोंड पुसलं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. चार महिने ही बाई आमच्यासाठी मटण निवडत होती, मांडीवर घेऊन येत होती, आणि मी तिच्या रागाचा हिशेब लावत बसले होते. मलाही रडू आलं. दोघी तशाच बसलो, हात पुढं धरून.

"देवीला ह्यात घालू नकोस," मी म्हणाले. "पनवेलला जायचं की नाही हे देवीनं नाही ठरवायचं. ते माझ्या हातात आहे."

"तसं म्हनू नका," ती घाबरून म्हणाली. "ऐकंल ती."

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मी मुद्दाम गप्प होते. नवऱ्याशी आधी बोलायला हवं होतं, पण तो टेंपोच्या कामात दिरांबरोबर अडकला आणि थेट पानावरच आला. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा तोच म्हणाला, "मंगळवारी सकाळी आठला निघू. मी रजा टाकलीय."

"रजा रद्द करा," मी म्हणाले. "आपण कुठं जात नाही."

"अगं, तूच म्हणाली होतीस!"

"साडेचार किलो मटण बघून म्हणाले होते."

"मग चार महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज फोटो दाखवत होतात. मला वाटलं, तुम्हाला हवंय."

"मला?" नवरा अक्षरशः ओरडला. "सातव्या मजल्यावर? मला वाटलं तुला हवंय, म्हणून मी बघतोय!" आणि त्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की सासूबाईंनी त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

लेकीचा चेहरा तेवढा उतरला. येण्याजाण्यात तिचा दिवस जातो, हे खरंच होतं. ती म्हणाली, "मग मी मैत्रिणींबरोबर बेलापूरला खोली घेऊ?" मी घे म्हणाले. आता ती सोमवार ते शुक्रवार तिथं असते आणि मला आठवडाभर करमत नाही. पण शनिवारी ती येते.

मग मी सगळ्यांना धाकटीच्या रविवारचं कारण सांगितलं. दीर बायकोकडे असे बघत राहिले की जणू ती आत्ताच घरात आली. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि हुकूम सोडला, "सांगितलं म्हनून काय झालं? गोष्ट तर झाली ना? नवस फिटला. नारळ फोडा."

नवरा आणि दीर दोघंही उठले. "बसा खाली," सासूबाई म्हणाल्या. "समद्यांनी मटण खाल्लंय. देवीचा नारळ फोडायजोगं हितं हाय कोन?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिचीच भाकरी-फणसाची ताटली होती. ती उठली, हातपाय धुतले, आणि अंगणात गावदेवीच्या देवळाकडं तोंड करून उभी राहिली. सासूबाई ओटीवरूनच सांगत होत्या, "शेंडी देवीकडं कर गं." नारळ एका फटक्यात फुटला. पुतणीनं टाळ्या वाजवल्या.

"आता बस," मी म्हणाले आणि मोठ्या टोपात डाव घातला. डाव तळाला खरखरला. टोपात काही नव्हतं. मी सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं तर सगळीकडे हाडं.

"मला काय ठावूक, वहिनी?" दीर म्हणाले. "मला वाटलं उरलंय, म्हनून मी घेतलं."

"आधी बोलायचं ना गं थोरले," सासूबाई म्हणाल्या. "मी तर दोनदा घेतलं."

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. धाकटी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ताई," आणि तिनं टोपच मांडीवर घेतला. एक गरम भाकरी घेतली, तुकडा मोडला आणि टोपाच्या आतून गोल फिरवला. तळाशी रस्सा चिकटलेला होता, थोडं वाटण होतं. ती डोळे मिटून चावत राहिली. बाकीचे हात धुवायला गेले. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"कसं झालंय?" मी विचारलं.

तिनं दुसरा तुकडा पुसला, खाल्ला, विचार केला. "मीठ कमी हाय, ताई."

मी चमकले. माझ्यासकट सहा जणांनी खाल्लं होतं; माझं लक्षच नव्हतं, पण बाकी कोणी चकार शब्द काढला नव्हता. "मग कोणी बोललं का नाही?"

"तुमाला भितात समदे."

"आणि तू?"

"मी पन भ्यायची," ती म्हणाली. "वाटायचं, आपून काय बोललो आन् तुमी निघून गेलाव तर."

मी उठले आणि मिठाची बरणी आणून तिच्यापुढं ठेवली.